न मागितलेलं मत

बाउरो मेला तरी जायचं नाव घेत नव्हता. रोतियाने त्याला आपल्या बेटावर नारळींखाली पुरलं होतं, आणि हा गडी अधिवेशनासाठी तिच्या पाठोपाठ राजधानीत, तारावाला हजर! तिन्हीसांजेला चटईच्या टोकाशी येऊन बसायचा. नवरा असला म्हणून काय झालं, तिच्या अंगावर काटा यायचा.

सगळं त्याचंच कर्तृत्व होतं. लांबच्या बेटांसाठी दवाखान्याची बोट घ्यायचा ठराव देशाच्या अध्यक्षाने, तेबानोने, मागच्या वर्षी आणला, तेव्हा बाउरो विरोधी पक्षाचा नेता. बोट हवी होती हे त्यालाही कळत होतं. पण बोट आली की बेटं तेबानोची होतील, म्हणून त्याने ठराव पाडला आणि घरी येऊन नाचला. पुढे बेटावर त्याच्याच पोटात कळा सुरू झाल्या. समुद्र खवळलेला, लहान होड्या निघेनात. पोट फुगून दगड झालं. शेवटी त्याने रोतियाचा हात धरून मागणं मागितलं, "माझ्या जागी तू निवडून जाशील. तेबानोला बोट देऊ नकोस. दिलीस तर मी उगाच मेलो असं होईल."

आपल्या माणसाने काही मागितलं की या बेटांवर नाही म्हणायचं नसतं. ती हो म्हणाली.

आता बाउरोची सभागृहातली जागा तिच्याकडे होती आणि तोच ठराव पुन्हा आला होता, एका मतावर अडकलेला. मागच्याच महिन्यात तिच्या गावात एक अडलेली बाळंतीण किनाऱ्यावरच दगावली होती. तेबानो रोतियाचा चुलत भाऊ. त्याने तोंड उघडून मत मागितलं की खेळ संपला! म्हणून पक्षाच्या नव्या नेत्याने, कैतूने, तिला आपल्या घरी आणून ठेवलं.

"समोर आलाच तर कानात बोटं घाल," कैतू भाजलेला नीरफणस चावत म्हणाला. "ऐकलंच नाही, तर मागितलं कसं?"

"मी काय कोंबडी आहे, टोपलीखाली झाकायला?"

"मतदानापर्यंत आहेस, वहिनी."

ती हसली, पण मनातून तेबानोचीच वाट बघत होती. त्याने मागावं. मग बाउरोला सांगता येईल, बाबा रे, भावाने मागितलं, माझा इलाज चालला नाही.

तेबानो भेटला तो मतदानाच्या सकाळी, सभागृहाच्या दारात. कैतू लगेच दोघांच्या मध्ये घुसला.

"घाबरू नकोस, ताई," तेबानो म्हणाला. "मी मागणार नाही."

"का? माग की! अध्यक्ष झालास म्हणून जीभ झिजते का?"

"मागितलं तर तू देशील. मग तुझ्याच पक्षातले लोक म्हणतील, भावाने बहिणीला बांधून नेलं. आणि निवडणूक जिंकले की पहिली ती बोट विकतील." त्याने मान खाली घातली. "दाजींनी काय मागितलं ते ठाऊक आहे मला. मेलेल्या माणसाशी ओढाताण नाही करायची मला."

"मेल्या, एवढा शहाणपणा आजच सुचला तुला?"

तो आत गेला. रोतियाचा संताप संताप झाला. तिची एकुलती एक पळवाट त्याने भलेपणाने बुजवली होती.

आत बाकावर बाउरो आधीच बसलेला. भर दिवसा! तिला कडेला टेकावं लागलं. सभापतींनी ठरावाच्या बाजूच्यांना उभं राहायला सांगितलं. रोतिया उठली.

कैतू वाकून कुजबुजला, "वहिनी, भावाने मागितलं असं सांग. तेवढं म्हण, कुणी तुला बोल लावणार नाही."

किती सोपं होतं! ती बाकाकडे वळली. बाउरो तिच्या तोंडाकडे बघत होता.

"कुणी मागितलं नाही," ती त्याला म्हणाली. "माझी मी उभी राहिलेय."