बिनउंबऱ्याचं बाथरूम

एवाल्ड श्लुटर सकाळपासून खुशीत होता. वरच्या मजल्यावर राहणारा मुलगा टॉर्स्टन आणि सून सिल्के आज घराच्या दुरुस्तीचा नकाशा घेऊन खाली येणार होते. बायको गेली त्याच वर्षी त्याने घर मुलाच्या नावावर केलं होतं. आता आपल्याला कोण विचारतंय, असं त्याला वाटायचं, आणि पोरं तर चक्क सल्ला घ्यायला येत होती!

आलुबुखाराचा केक कापून झाला आणि सिल्के आकडे वाचू लागली. खिडक्या, हीटिंग, नवं स्वयंपाकघर. सगळं मिळून चौऱ्याण्णव हजार युरो, आणि बँक ऐंशीच्या वर जायला तयार नव्हती.

"खालच्या बाथरूमला उंबरा नाही ठेवलेला, बाबा. धरायला दांडेसुद्धा आहेत," ती म्हणाली.

एवाल्डला भरून आलं. गेल्या हिवाळ्यात तो तिथेच घसरून पडला होता. पोरांनी मनावर घेतलं होतं तर! तोही मग हुरूपाने काटछाट करायला बसला.

"छपराला खिडकी कशाला? वर काय तारे मोजत बसणार आहात? आणि माझ्या खोलीला हात लावू नका. रंग चांगला आहे अजून. तेवढेच वाचतील."

टॉर्स्टन बोटाने केकचा चुरा गोळा करत बसला.

एवाल्डने चष्मा चढवून नकाशा पुढ्यात ओढला. त्याच्या खोलीच्या जागी स्वयंपाकघराचा ओटा होता. मधली भिंतच गायब होती.

"तो नवा वृद्धाश्रम छान आहे हो, बाबा," सिल्के म्हणाली. "बागसुद्धा आहे."

"मग हे दांडे कोणासाठी?"

"म्हातारपणीच्या देखभालीच्या सरकारी विम्यातून चार हजार मिळतात त्याला," टॉर्स्टन खाली बघत म्हणाला. "फक्त घरात म्हातारं माणूस राहत असावं लागतं. पैसे हातात पडेपर्यंत तुम्ही इथेच राहायचं, बाबा. घाई कुठाय?"

एवाल्डच्या तोंडची चवच गेली. पोटच्या पोराने त्याला हिशेबात तेवढा धरला होता. त्याने सुनेच्या हातातली पेन्सिल घेतली आणि चार हजारांची ओळ खोडून टाकली.

"नकोत मला तुमचे दांडे. उद्याच जातो मी."

इतका वेळ मान खाली घालून बसलेला टॉर्स्टन ताडकन उठला.

"असं कसं, बाबा? तुम्ही उद्या गेलात तर बजेट कसं बसायचं?"