ज्याचा त्याचा आयडी

बारा वाजता गाडी येणार होती, आणि अकराला दहा मिनिटं कमी असताना थोरली एकटीच उडाली.

"मधली का गप्प?" स्टुलावर बसलेल्या आईने विचारलं. "आणि धाकटीला काय झालंय?"

"बघते," चिमी म्हणाली. आवाज शक्य तितका साधा ठेवून म्हणाली, पण आईला असे आवाज ओळखता यायला तीस वर्षं झाली होती.

थोरली, मधली आणि धाकटी हे तीन फ्लॅश. नावं बाबांनी ठेवलेली. चिमी एकुलती एक, लहानपणी बहीण हवी म्हणून जमिनीवर लोळण घेणारी. दोन वर्षांपूर्वी फ्लॅश विकत आणले तेव्हा खोकी उघडता उघडता बाबा म्हणाले होते, "घे, मागितली एक, दिल्या तीन." तिघींना वायर नाही. कॅमेऱ्याच्या डोक्यावर काडेपेटीएवढा ट्रिगर बसतो, तो रेडिओवरून हाक मारतो आणि तिघी एकदम उडतात. गेल्या रविवारच्या कामापर्यंत बिचाऱ्या न चुकता उडत होत्या. आज, नेमक्या आज, दोघींनी संप केला.

आजचं सांगायला हवं. आईच्या उजव्या कानाखाली एक गाठ होती. वर्षापूर्वी वाटाण्याएवढी, आता लिंबाएवढी. सर्जन चांगला माणूस होता, पण सांगताना त्याने पेनाच्या टोपणाकडेच बघितलं. गाठ निघेल, पण तिच्यातून जाणारी नस वाचवता येणार नाही. उजवा गाल, उजवा ओठ, उजवी पापणी हलायची बंद होईल. "म्हणजे हसल्या, तर यापुढे डावीकडेच हसतील," तो म्हणाला. आईने मान डोलावली, आभार मानले, बाहेर येऊन जिन्याच्या पायरीवर बसली आणि म्हणाली, "माझा हसतानाचा एक फोटो काढा. अख्ख्या तोंडाचा."

तेव्हा कुठे बापलेकीच्या लक्षात आलं की असा फोटोच नाही. सगळ्या गावाचे दात टिपणाऱ्या घरात हिचा हसरा फोटो एकही नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच, आणि इथे तर दिवा तिच्याच हातात होता. लग्न झाल्यापासून बाबा कॅमेऱ्यामागे आणि आई दिवा धरून बाजूला. बाबा मोजायचे, "एक, दोन, अडीच," आणि अडीचलाच बटण दाबायचे, कारण तीन म्हटलं की माणूस लाकूड होतो असं त्यांचं म्हणणं. त्या अडीचवर शेकडो लोक हसले. आईही हसायची, पण फोटोबाहेर. चुकून कुणी तिच्याकडे कॅमेरा वळवलाच, तर तिचा हात तोंडावर. अल्बममध्ये जिथे जिथे ती आहे, तिथे नाकाखाली पाच बोटं आहेत.

ऑपरेशनला पुढच्या आठवड्यातली तारीख होती. निवांत काढू, म्हणून सगळे निवांत राहिले. काल दुपारी फोन आला की खाट रिकामी झाली आहे, उद्या एकपर्यंत दाखल व्हा, परवा सकाळी ऑपरेशन. म्हणून आज हे तिघं शिंप्याच्या दुकानाखालच्या तळघरात, स्वतःच्याच स्टुडिओत आले होते. आई ठेवणीतले निळे कपडे घालून आली होती. बॅग दाराशी.

चिमीने आधी बॅटऱ्या बदलल्या. चोर सोडून संन्याशाला सुळी, कारण जुन्या बॅटऱ्या काठोकाठ भरलेल्या होत्या. मग प्रत्येकीच्या पाठीवरचं बटण दाबून पाहिलं. मधली उडाली, धाकटीही उडाली. आजारी कुणीच नव्हतं, हाक तेवढी ऐकू येत नव्हती. चॅनल पाहिला: ट्रिगरचा सात, थोरलीचा सात, मधलीचा सात, धाकटीचा सात. ग्रुप पाहिले, बरोबर. सगळं बंद करून पुन्हा चालू केलं. ट्रिगर काढून त्याचे पितळी ठिपके खोडरबराने घासले. स्टँड जवळ आणले, मग लांब नेले. प्रत्येक वेळी बटण दाबलं की थोरली इमानदारीने उडायची आणि उरलेल्या दोघी हिरवे दिवे लावून मख्ख बघत राहायच्या.

सव्वाअकरा. ती धावत वर गेली आणि शिंप्याला म्हणाली, दहा मिनिटं तुमचं इंटरनेटचं खोकं बंद करता का? तो भला माणूस, त्याने खोकं बंद केलं, शिलाईची यंत्रंही थांबवली. तळघरात इतकी शांतता झाली की आईचा श्वास ऐकू येऊ लागला. चिमीने बटण दाबलं. थोरली.

"जुन्या वायरी आणू का?" बाबांनी विचारलं. त्यांच्या हातांना तीन वर्षांपासून कंप होता. कॅमेरा त्याच कारणाने सुटला होता, बोलणं सुटलं नव्हतं. "आमच्या वेळी वायर होती. अडखळून पडायचो, पण फ्लॅश उडायचा."

"यांना वायरीचं भोकच नाही, बाबा."

"मग दुसऱ्याचा उजेड बघून उडणारे नसतात का? आपल्याकडे होते तसले."

"ते विकले. यांना कान आहेत, डोळे नाहीत." हे ती जरा तोडूनच बोलली. तिला स्वतःचा राग आला, पण राग निस्तरायला वेळ नव्हता.

मग तिने हट्ट सोडला आणि एकट्या थोरलीवर निभवायचं ठरवलं. थोरली आईच्या उजव्या हाताला होती. डाव्या बाजूला थर्माकोलचा मोठा पांढरा तुकडा धरून उजेड परतवायचा, हा जुना उपाय. बाबा थर्माकोल धरून उभे राहिले. तुकडा त्यांच्या हातात थरथरत होता.

"माझी नोकरी घेतलीत की हो," आई म्हणाली.

तिने ओठ ताणले. फोटो आला. डावी बाजू राखाडी, डोळ्याखाली काळा खड्डा आणि गाठीची सावली थेट गळ्यापर्यंत. तिघी उडाल्या असत्या तर समोरून आणि डावीकडूनही उजेड आला असता आणि ती सावली पुसली गेली असती. यासाठीच तर तिघी हव्या होत्या. आईने कॅमेऱ्याच्या पडद्यावर पाहिलं.

"पूस," ती म्हणाली. "असा अर्धा चेहरा तर उद्यापासून फुकट मिळणार आहे."

कुणीच हसलं नाही. चिमीने आणखी सात काढले, जागा बदलून, स्टूल वळवून. सहा वेळा "पूस". सातव्या वेळी आई नुसती हातातलं रुमालाचं टोक पिळत राहिली. आईने कधी काही मागितल्याचं चिमीला आठवत नव्हतं. कपडे नाहीत, दागिना नाही, फिरायला नेणंही नाही. आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी मागितलं, ते या घरात सगळ्यात सोपं असलेलं, आणि तेच देता येत नव्हतं.

अकरा चाळीस. तिने दुरुस्तीवाल्याला फोन लावला. तिसऱ्यांदा त्याने उचलला.

"चॅनल?" त्याने विचारलं.

"सात. सगळ्यांचा. तीन वेळा बघितला."

"मग सेटिंगला कुणी हात लावला होता का?"

"कुणी नाही हो. माझ्याशिवाय कुणी हातच लावत नाही."

मागे बाबा खाकरले. त्यांनी थर्माकोल स्टुलापाशी आणला, आणि आईने काही न बोलता तो दोन्ही हातांनी धरला. उजेडाची वस्तू कुणी पुढे केली की ती धरायची, ही तिच्या हातांना लागलेली सवय होती. बाबा मोकळ्या हातांनी मधलीजवळ गेले.

"हात नाही लावला," ते म्हणाले. "मी फक्त यांना आयडी दिले."

फोन चिमीच्या कानाखांद्यात अडकलेला. "काय दिलं?"

"आयडी. रविवारी हॉलमध्ये तो दुसरा फोटोग्राफर बटण दाबायचा आणि आपल्या मुली उडायच्या की नाही? मी यांचं पुस्तक वाचून काढलं. भिंग घेऊन, तीन दिवस. त्यात लिहिलंय, परक्याच्या ट्रिगरने आपला फ्लॅश उडू नये म्हणून आयडी द्यावा. मेनूच्या दुसऱ्या पानावर आहे. म्हटलं, तुझी कटकट वाचेल."

"बाबा, पण तो सगळ्यांना एकच द्यायचा असतो!"

"एकच कसा?" बाबांना खरोखरच कळेना. "आयडी म्हणजे ओळख. तुझं ओळखपत्र वेगळं, माझं वेगळं, हिचं वेगळं. एका घरात राहतो म्हणून तिघांत मिळून एकच देतात का? म्हणून थोरलीला एक, मधलीला दोन, धाकटीला तीन. पोरींमध्ये भांडण नको."

"आणि ट्रिगरला?"

"त्याला कशाला? तो हाक मारणारा. हाक मारणाऱ्याला कुणी ओळखपत्र विचारतं का?"

ट्रिगरचा आयडी कारखान्यातूनच एक होता. म्हणून एक थोरली तेवढी ओ देत होती. बाकीच्या दोघी बापाने दिलेली नवी ओळख छातीशी धरून, ही हाक आपल्याला नाहीच, अशा शहाण्यासारख्या उभ्या होत्या.

"अहो," आई म्हणाली, "पण त्या ओळखपत्रांवरचे फोटो कुणी काढले?"

बाबांनी क्षणभर विचार केला. खरंच विचार केला, कपाळाला आठ्या घालून. ते पाहिलं आणि आईला हसू फुटलं. आधी नाकातून, मग घशातून, मग ती मागे रेललीच, आणि हात तोंडाकडे निघाले, पण दोन्ही हातांत थर्माकोल. हात अडकलेले, तोंड उघडं, गाल वर चढलेले, डोळे मिटलेले. चिमीच्या कानाखालून फोन सटकला. तिने कॅमेरा उचलला की तो आपोआप उचलला गेला, हे तिला पुढेही सांगता आलं नाही. तिने दाबलं.

थोरली एकटीच उडाली.

"देवा," चिमी म्हणाली. "देवा, देवा, देवा."

पुढची सात मिनिटं तिने आणि बाबांनी कशी काढली ते त्यांचं त्यांना ठाऊक. मेनू, दुसरं पान, खालून तिसरी ओळ. मधलीचा आयडी एक. धाकटीला करताना बाबांचं बोट दोनदा पुढे सरकलं, चिमीने त्यांचं मनगट धरलं आणि दोघांनी मिळून बटण दाबलं. मग तिने ट्रिगरची चाचणी घेतली. तिघी एका ठोक्यात उडाल्या. तळघराचा कोपरा न् कोपरा पांढरा झाला, सावली म्हणून कुठे उरली नाही.

"बस आई, सरळ. बाबा, मोजा."

"एक," बाबा म्हणाले. "दोन. अडीच."

अकरा फोटो. अकराही वेळा तिघी इमानाने उडाल्या. चेहरा अख्खा, डावा-उजवा सारखा उजळलेला, गाठीची सावली नाही. आणि आई हसत होती, म्हणजे सांगितल्यासारखे ओठ ताणत होती. डोळे भिंतीवरच्या घड्याळाकडे जात होते. बाबांनी ओळखपत्राचा विनोद पुन्हा करून पाहिला. तो बिचारा पुन्हा कसला चालतोय. चिमीने वाकुल्या दाखवल्या. आईने तिच्यासाठी म्हणून आणखी थोडे ओठ ताणले, आणि ते बघून चिमीला बटण दाबवेना.

वर रस्त्यावर हॉर्न वाजला.

"दाखव," आई म्हणाली.

चिमीने एकेक फोटो पुढे सरकवला. आई चष्मा लावून, चवळीचे दाणे निवडावेत तशी बघत होती. अकरा संपले. चिमीने कॅमेरा बंद करायला बोट नेलं.

"या अकरांच्या आधीचा."

"तो नको, आई. तो फसला. अर्धा अंधारात आहे."

"दाखव म्हटलं ना."

पडद्यावर निम्मी आई होती. तिच्या डाव्या बाजूला नुसता काळोख. उजव्या बाजूला गाल वर चढलेला, डोळ्याच्या कोपऱ्याला सुरकुत्यांची मोळी, वरचे सगळे दात, आणि कानाखाली ती गाठ, तीसुद्धा उजेडात, बोडकी, काही न लपवता. हसण्याच्या धक्क्याने तीही जराशी हललेली.

आईने बराच वेळ पाहिलं. हॉर्न पुन्हा वाजला.

"हाच ठेव," ती म्हणाली.

"अगं, पण अख्ख्या तोंडाचा हवा होता ना तुला?"

आईने पडद्यावर उजळलेल्या गालावर बोट टेकवलं. "ही जाणारी बाजू. ही तू सांभाळ." मग बोट अंधारावर नेलं. "ही माझ्याकडे आहे. ही मी परत घेऊन येते."

चिमीने मान डोलावली. बाबा थर्माकोल उचलायला वाकले होते, ते तसेच वाकून राहिले.

"अहो, उठा. आणि त्या तिघींना बंद करा, बॅटऱ्या जातात उगाच," आई म्हणाली आणि बॅग उचलून जिन्याकडे निघाली.

बाबांनी आधी धाकटी बंद केली, मग मधली, मग थोरली. प्रत्येक बटणाला त्यांना दोनतीनदा बोट न्यावं लागलं. वर हॉर्न वाजत होता, पण त्यांना कुणी घाई केली नाही.