गायींकडची खिडकी

राहायच्या बोटीत आंघोळीचा टब हवाच, हा आईचा हट्ट होता. लहान बोटींत नुसता शॉवर असतो, म्हणून टबापायी सत्तर फुटांची बोट घ्यावी लागली. "कपाटात उभं राहून आंघोळ करायचं माझं वय नाही," असं तिने दलालाला फोनवर सुनावलं, तेव्हा ती अंथरुणातून उठतही नव्हती. ऑगस्टमध्ये ती गेली आणि सप्टेंबरात बोट ताब्यात आली. मी बाबांना म्हटलं, विकून टाकू. ते म्हणाले, "जागा ठरवून ठेवली आहे ना तिनं."

जागा म्हणजे हॉल्कम गावाबाहेर, कालव्याच्या पायवाटेच्या काठाला बोट कायमची बांधण्याची जागा. वसंतात आई तिथे घडीच्या खुर्चीत अर्धा दिवस बसली होती. समोरच्या काठावर गायी पाण्यावर येत होत्या. "स्वयंपाकघराची खिडकी तिकडे," तिने ठरवून टाकलं. "भांडी घासताना मला गायी दिसल्या पाहिजेत. येणाऱ्याजाणाऱ्याने माझ्या पातेल्यात डोकावलेलं मला चालणार नाही."

स्वयंपाकघराला खिडकी एकच, बोटीच्या डाव्या अंगाला. उजवीकडे सगळी कपाटं.

बोट तिथवर न्यायला मी चार दिवसांची रजा काढली. सोबत एक जाडजूड कादंबरी घेतली. तिचा उपयोग फ्रिजचं दार मिटलेलं राहावं म्हणून टेकू लावण्यापुरता झाला. बोट माणसाच्या चालीपेक्षा हळू चालते. लठ्ठ कुत्रा घेऊन निघालेली एक बाई आम्हाला मागे टाकून गेली, आणि कुत्रं झाडाझाडाशी थांबत होतं तरी आम्हाला काही सापडली नाही.

"सुकाणू उजवीकडे ढकललं की बोट डावीकडे जाते," बाबा दर वळणाला मला समजावत, आणि बोट झुडपात घालत.

"मग डावीकडे ढकला ना, बाबा!"

"तेच करतोय!"

काठाला बांधलेल्या प्रत्येक बोटीतून कोणीतरी डोकं काढून "हळू!" म्हणून ओरडे. याहून हळू म्हणजे थांबणंच. लॉक, म्हणजे बोटीला वर-खाली नेणारा दोन टोकांना दरवाजे असलेला हौद, आलं की झडपांची किल्ली घेऊन काठावर उडी मारायची, झडपा उघडायच्या, पाणी चढेपर्यंत थांबायचं, मग भलेमोठे दरवाजे पाठीने रेटायचे, हे सगळं माझ्याकडे. "तुझे गुडघे चांगले आहेत," बाबा म्हणाले. माझे गुडघे सत्तेचाळीस वर्षांचे आहेत. तिसऱ्या दिवशी बोटीखालच्या पंख्यात कुणाचा तरी रेनकोट गुंतला. गार पाण्यात खांद्यापर्यंत हात घालून मी तो तुकड्यातुकड्याने काढला, आणि बाबा वरून विचारत राहिले, "बाह्या निघाल्या का?"

चौथ्या दिवशी दुपारी हॉल्कम आलं. शेजारच्या बोटीतल्या बेरिलबाईंनी आमचा दोर झेलला. "या, क्लाइव्ह! चहा टाकलाय," त्या बाबांना म्हणाल्या. मग त्यांची नजर बोटीवर गेली. "अरे वा, खिडकी इकडेच! बरं झालं, येताजाता गप्पा होतील."

बाबांनी खिडकीकडे पाहिलं. मग पायवाटेकडे. मग पलीकडच्या गायींकडे.

"उलटी आली," ते म्हणाले.

"मग वळवा," मी म्हटलं.

"सत्तर फूट?" बेरिलबाई हसल्या. "इथे कालवा तेवढा रुंद कुठाय? पुढे बोट वळवायला काठात खाच आहे, पण तिथल्या पाटीवर साठ फूटच लिहिलंय. तुम्हाला वळायला जुन्या गिरणीपर्यंत जावं लागेल. सात लॉक. एक दिवस जायला, एक यायला."

"नकाशात खाच दाखवलीय," बाबा दोर सोडत म्हणाले. "पाटीवाले नेहमी हातचं राखून लिहितात."

पाटीवाल्यांनी काही हातचं राखलेलं नव्हतं. बोटीचं नाक खाचेतल्या चिखलात रुतलं आणि शेपूट समोरच्या दगडांना जाऊन बसलं. कालवा बंद झाला. मागून भाड्याची एक बोट आली. तिच्यात चार निवृत्त गृहस्थ, चौघांच्या डोक्यावर कप्तानाच्या टोप्या.

"काय साहेब, पूल बांधताय का?"

"टोल किती?"

बाबांनी इंजिन पुढे-मागे करून पाहिलं. नुसता चिखल उसळला आणि आत कपाटातून काहीतरी फुटल्याचा आवाज आला. शेवटी टोपीवाल्यांनीच दोर लावून आम्हाला ओढून काढलं, आणि बोट होती तशी, नाक पुढे करून, पुन्हा उभी राहिली.

"मागे घेऊ आणि बांधू," मी म्हटलं. "पडदा लावा. उद्या मला कामावर जायचंय."

"खिडकी पायवाटेकडे होईल."

"होऊ दे."

"तिनं सांगितलं होतं..."

"आई भांडी घासणार नाहीये, बाबा!"

टोपीवाले आपले दोर गुंडाळण्यात गुंतले. दोन महिने आम्ही दोघांनीही असलं काही मोठ्याने म्हटलं नव्हतं, आणि मी ते चौघा अनोळखी माणसांसमोर ओरडून म्हटलं होतं.

बाबांनी खिशातून फडकं काढून सुकाणूची पितळी मूठ पुसली. ती स्वच्छच होती.

"माहीत आहे मला," ते म्हणाले. "भांडी मीच घासणार आहे."

घरी त्यांनी कधी कप विसळलेलाही मला आठवत नाही.

"एकाच माणसाची भांडी," ते म्हणाले. "कुठेतरी बघायला हवं ना, हॅटी."

मला त्यांचा इतका राग आला होता की तो चटकन उतरायलाही तयार नव्हता. मी आत जाऊन कपाट उघडलं. चहाची चिनी मातीची किटली फुटली होती. तुकडे गोळा केले. मग ऑफिसला फोन करून आणखी दोन दिवस मागून घेतले, आणि कारण विचारल्यावर "बोट वळवायची आहे" एवढंच सांगितलं.

वर येऊन मी किल्ली उचलली.

"बेरिलचा चहा?" बाबांनी विचारलं.

"परवा पिऊ."

पहिलं लॉक पुढच्या वळणावरच होतं, आणि अर्थातच पाण्याने काठोकाठ भरलेलं. आम्हाला वर चढायचं होतं, म्हणून ते रिकामं हवं होतं. मी झडपा उघडल्या आणि पाणी उतरायची वाट पाहत कठड्याला टेकले. मागे टोपीवाले रांगेत उभे होते.

"हॅटी!" बाबा खालून ओरडले. "बाहेर पडलो की दरवाजा लावून टाक हं! हे लोक येताहेत मागून!"

"दिसतंय मला, बाबा! चार दिवस हेच करतेय!"

बाबांनी समजल्यासारखा हात वर केला. टोपीवाल्यांना वाटलं त्यांनाच केला. त्या चौघांनीही हात हलवले.