हनुवटी वर

"हनुवटी वर! छताकडे बघ. हललास तर गळ्याचं कातडं अडकेल चेनमध्ये, मग बस रडत."

आउस्मा मावशींचं हे वाक्य सकाळी सव्वादहाला सुरू होतं आणि एकवीस मुलं अंगणात जाईपर्यंत संपत नाही. फरक एवढाच, की नोव्हेंबरपासून वाक्य त्या म्हणतात आणि चेन दुसरंच कुणी लावतं. मला हे ठाऊक होतं. मी या गटाची शिक्षिका, आणि तीन महिने मूग गिळून बसले होते.

"ससा मोठा झालाय," वर बघत रूडॉल्फ म्हणाला.

"कसला ससा? सरळ उभा राहा."

"छतावर आहे ना, मावशी. त्याला तिसरा कान फुटलाय."

"कान तुला फुटायला हवेत, म्हणजे सांगितलेलं ऐकू येईल. सरक पुढे."

उत्तरेकडच्या आमच्या आलूक्स्ने गावात हिवाळा मार्चअखेरपर्यंत हलत नाही. तळं गोठतं, रस्ते गोठतात, पण बालवाडीतली मुलं रोज बाहेर जातात. पारा उणे पंधराच्या खाली गेला तरच सुटका, तीही मोठ्यांची. मुलं त्या दिवशी भिंतींवर चढतात. बाहेर चाळीस मिनिटं खेळायचं आणि त्यासाठी पंचेचाळीस मिनिटं कपडे घालायचे. हा हिशेब कुणालाच पटत नाही, पण मोडतही कुणी नाही.

कपड्यांची रीत मावशींची. आधी सगळ्यांना शू. त्यातून एखादा सुटला तर तो नेमका शेवटचं बटण लागल्यावर तोंड उघडतो. मग लोकरी मोजे, त्यात खोचलेली बनियन, जाड विजार, बूट. स्वेटर नंतर, टोपी सगळ्यात शेवटी, कारण आत उभं राहून घामेजलेलं पोर बाहेर जाऊन आजारी पडतं. मफलरची गाठ कायम मागे, म्हणजे पळणाऱ्याला धरता येतं. आणि हातमोजे कोटाच्या आधी. त्यांची लांब लोकरी मनगटं कोटाच्या बाहीखाली गेली, की बर्फ आत शिरत नाही. कपडे कुणाचे कसेही असोत, मोठ्या भावाचे, कोपरावर ठिगळाचे, मावशींच्या हाताखालून गेलेलं पोर कोरडं परत यायचं. चौतीस वर्षं त्यांनी दुसरं काही केलं नाही. आता बोटांचे सांधे सुजले होते, आणि चेनचं बारीक टोक चिमटीत धरणं त्यांना जमत नव्हतं.

त्यांनी माझ्याकडे एकच गोष्ट मागितली होती. "सानिता, हा गट मे महिन्यात शाळेत जाईल. तेवढा पोचवू दे. अर्ध्यात सोडलेलं पोर लक्षात राहतं गं, पोचवलेलं राहत नाही."

म्हणून आम्ही मुलांच्या जोड्या केल्या. समोरासमोर उभं राहायचं, मी तुझी चेन लावतो, तू माझी लाव. मुलांना खेळ वाटला. मला तर वाटलं, आपण फार हुशार आहोत.

पण एकवीस मुलं. सगळी हजर असली की एक उरतं. मागच्या आठवड्यात रूडॉल्फ उरला आणि उघड्या कोटाने बर्फात खेळला. चार दिवस ताप. त्याची आई थेट मुख्याध्यापिकांच्या खोलीत गेली, आणि आज मुख्याध्यापिका इंगुनाबाई आमच्या कपड्यांच्या खोलीत येऊन मुलांच्या बुटक्या बाकावर बसल्या. गुडघे हनुवटीला टेकलेले, हातात वही. वहीत त्यांनी काही लिहिलं मात्र नाही.

"चला, जोड्या!" मावशी म्हणाल्या. आवाज नेहमीसारखा होता. हात त्यांनी ॲप्रनच्या खिशात घातले होते.

इंगुनाबाई बघत राहिल्या. कोट घातले गेले, चेना सरसर वर गेल्या. मग मुलं हातमोजे ओढायला लागली, कोटाच्या बाहीवरूनच.

"मावशी, हातमोजे आधी ना?" इंगुनाबाईंनी विचारलं. "आमच्या वेळी आधी असायचे."

इंगुनाबाई मावशींच्या पहिल्याच गटातल्या. मावशींनी तोंड उघडायच्या आत एल्झा बोलून गेली. ही मुलगी वकील होणार. "असं कसं? हातमोजे घातल्यावर आम्हाला चेन कशी लावता येईल? मावशींना लावता येत नाही. त्यांची बोटं झोपलीत."

रूडॉल्फ आजही उरला होता. तो मधोमध कोट उघडा टाकून उभा होता आणि शहाण्यासारखी हनुवटी वर करून छताकडे बघत होता.

मावशी त्याच्यासमोर गुडघ्यांवर बसल्या. टोक धरलं, निसटलं. पुन्हा धरलं, पुन्हा निसटलं. मग त्यांनी मान वाकवून ते दातांत धरायचा प्रयत्न केला. मला बघवेना. मी पुढे झाले, पण इंगुनाबाई आधीच उठल्या होत्या. त्यांनी चेन लावली आणि रूडॉल्फच्या पाठीवर थाप मारली. मी एकवीस मुलं घेऊन बाहेर पडले. चाळीस मिनिटं माझं बर्फाकडे लक्ष नव्हतं.

दुपारी मुलं झोपल्यावर आम्ही तिघी त्याच खोलीत बसलो. मी ओव्याचा चहा करून आणला. रेडिएटरवर बेचाळीस हातमोजे वाळत होते आणि ओल्या लोकरीचा वास सुटला होता.

"मावशी," इंगुनाबाई म्हणाल्या, "सकाळी कुणी दुसरं मदतीला देते. मे महिन्यापर्यंत निघेल. मी आज काही बघितलं नाही."

माझा जीव भांड्यात पडला. मावशींनी कप दोन्ही तळव्यांमध्ये धरला होता, बोटं न वाकवता.

"मी बघितलंय ना," त्या म्हणाल्या. "त्या दिवशी त्याची चेन लागली नव्हती, मला दिसत होतं. मी मफलर छातीवर आडवा बांधला आणि म्हटलं, जा. सानिता दारातच होती. हाक मारायची होती नुसती. लाज वाटली मला. एल्झा होती, कार्लिस होता, एवढ्याशा पोरांसमोर मदत मागायची लाज वाटली. माझ्या लाजेपायी ते लेकरू चार दिवस तापलं."

"होतं असं. मला नाही का तुमच्या हातून चेनचा चिमटा बसला होता?" इंगुनाबाईंनी हनुवटी उचलून खालची बारीक पांढरी रेघ दाखवली. "बोंबलून गाव गोळा केलं होतं मी."

"ती घाई होती. घाई शिकवून जाते. त्या दिवसापासून तर म्हणायला लागले, हनुवटी वर. हे तसं नाही, इंगुना. हे मी लपवलं." त्यांनी कप खाली ठेवला. "सोमवारपासून मी येत नाही. उगाच समजावत बसू नकोस. दमलेय मी."

मला राग आला. इंगुनाबाईंचा नाही, मावशींचा तर नाहीच. मी दारात होते. बांधलेला मफलर मीही बघितला होता आणि पुढे निघाले होते.

पाच वाजता अंधारायला लागलं आणि शेवटची आई शेवटचं मूल घेऊन गेली. मावशी निघाल्या. एक स्वेटर, त्यावर दुसरा, डोक्याला लोकरीचा रुमाल, मग लांब हातमोजे, मग कोट. हातमोजे आधी. कोटाची चेन तशीच उघडी ठेवून त्यांनी नवऱ्याच्या जुन्या झग्याचा पट्टा कमरेला गुंडाळला. इतके दिवस त्या अशाच यायच्या-जायच्या. मला वाटायचं, म्हातारपणीची सवय.

"थांबा," इंगुनाबाई म्हणाल्या. त्यांनी पट्टा सोडला आणि जमिनीवर गुडघे टेकले, जिथे रोज मावशी टेकायच्या. चेनचं टोक खाली खाचेत बसवलं. "हनुवटी वर, मावशी. छताकडे बघा."

मावशींनी हनुवटी वर केली. चौतीस वर्षं त्या या खोलीत खालीच बघत आल्या होत्या, चेनांकडे, बुटांकडे, नाडीत अडकलेल्या मोज्यांकडे. त्या बराच वेळ वर बघत राहिल्या. दिव्याजवळ ओल येते आमच्याकडे. दर उन्हाळ्यात रंग देतात आणि दर हिवाळ्यात डाग परत उमटतो.

"अगं बाई," त्या म्हणाल्या. "ससाच आहे की. तीन कानांचा."

"आमच्या वेळी दोनच होते," इंगुनाबाई म्हणाल्या, आणि त्यांनी चेन सावकाश वर ओढली.