मानाचा हत्ती

चित्रातलं मला ओ की ठो कळत नाही, हे आधीच सांगून टाकतो. तरी छप्पन सालच्या ऑक्टोबरात इंदरगंजातल्या चित्रस्पर्धेला मी परीक्षक होतो. विषय होता ‘दसऱ्याची स्वारी’, आणि संस्थानचा दरबार होता तोवर स्वारीत कोणाचा हत्ती कोणामागे चालणार हे ठरवणं आणि वहीत नोंदवणं माझं काम होतं.

महिनाअखेर मध्य भारत राज्य मोडणार आणि कचेऱ्या भोपाळला जाणार, म्हणून जायच्या आधी सरकारने ही स्पर्धा उरकून घेतली. बक्षीस म्हणजे शाळेत ड्रॉइंग शिक्षकाची नोकरी. एकेक चित्र लोकांपुढे उभं करायचं, आम्ही तिघा परीक्षकांनी विसांपैकी गुण मोठ्याने सांगायचे, लोकांनी टाळ्या पिटायच्या. तमाशाच होता, पण मला आवडला. खोटं कशाला बोलू?

शेवटचं चित्र शामलाचं. तिचे वडील रघुनाथराव दरबारचे चितारी. हात थरथरू लागल्यापासून घरीच बसलेले. ते घर या नोकरीकडे डोळे लावून होतं, हे सगळ्या लष्कर शहराला ठाऊक होतं. बाकीच्या दोन परीक्षकांपैकी लीलाताईंनी सतरा दिले, दिनकररावांनी सोळा. मी पाच दिले.

“मानाचा पहिला हत्ती दुसऱ्याच्या मागे? चिताऱ्याच्या मुलीला एवढंही कळू नये?”

“कळतं, काका. पण सेहेचाळीस साली पाटणकर बाजारात पहिला हत्ती अडून बसला आणि दुसरा पुढे निघून गेला. मी खुद बघितलंय. दहा वर्षांची होते तेव्हा.”

खरं होतं. त्या दिवशी माहुतावर ओरडून ओरडून माझाच घसा बसला होता. पण त्या हत्तीवरच्या सरदारांची शोभा नको, म्हणून संध्याकाळी वहीत मी क्रम लिहिला तो रीतीचा.

सगळे माझ्याकडे बघत होते. ‘चुकलं माझं’ एवढंच म्हणायचं होतं. मी म्हणालो, “दफ्तरात तशी नोंद नाही.”

जुन्या मंडळींनी टाळ्या वाजवल्या. शामलाने चित्र उचललं आणि खाली उतरली. लक्ष्मीकांत नावाच्या मुलाने सगळे हत्ती क्रमाने काढले होते. हत्ती कमी आणि म्हशी जास्त दिसत होते, पण क्रम बिनचूक. त्याला मी अठरा दिले होते. तीन गुणांनी नोकरी त्याची झाली.

आठ दिवस मला अन्न गोड लागलं नाही. शेवटी मन घट्ट करून तिच्या घरी गेलो. रघुनाथरावांनी बसा म्हटलं आणि आत पाणी सांगितलं. पिठाच्या हातांनी शामला पाणी घेऊन आली.

“तुझं चित्र खरं होतं, पोरी,” मी म्हणालो. “वही खोटी आहे. मीच लिहिली ती.”

“मला तर माहीतच होतं, काका,” ती म्हणाली. “तिथे बसलेल्यांना माहीत नव्हतं.”

पेला माझ्यापुढे ठेवून ती उरलेल्या पोळ्या करायला आत गेली.