सोफा व्हरांड्यात

श्रीधररावांनी दिवाळीत घेतलेला सोफा म्हणजे बनशंकरीतल्या त्या घराची शान. तपकिरी रेक्झिनचा, बसलं की फुस्स करून उसासा टाकणारा. भिंतीला लागून तो असा पसरला होता की त्यावर टेकलेला माणूस आपोआप न्यायाधीश व्हायचा. समोर, ट्यूबलाइटच्या बरोबर खाली, वेताची एकुलती एक खुर्ची. बघायला पाहुणे आले की लेकीने, आसावरीने, पोह्यांचा ट्रे ठेवायचा आणि त्या खुर्चीत बसायचं, हे ठरलेलं.

तीनदा बसली आणि तिन्ही वेळा तोंडाला कुलूप. एरवी ही पोर येलहंक्याच्या बियाण्यांच्या प्रयोगशाळेतून घरी आली की कानडी बसकंडक्टरची नक्कल करून घर डोक्यावर घ्यायची. खुर्चीत मात्र नाव विचारलं तरी आईकडे बघायची. तिला एकच विचारायचं असायचं: लग्नानंतर हे काम सोडून मला परदेशी जावं लागेल का? हल्ली येणारं प्रत्येक स्थळ कॉम्प्युटरवालं, एक पाय विमानात ठेवलेलं. पण प्रश्न घशातच राहायचा आणि दोन दिवसांनी निरोप यायचा, मुलगी छान आहे हो, पण जरा घुमी वाटली.

"पोरीत धीरच नाही," श्रीधरराव म्हणाले.

"पोरीत आहे. आपल्या खोलीत नाही," शारदाबाई म्हणाल्या.

हे त्या कुठे शिकल्या नव्हत्या. पण स्वयंपाकघराला निळसर रंग दिल्यावर अख्खं घर आजाऱ्यासारखं जेवायला लागलं आणि पिवळा दिल्याबरोबर पोळ्या पुन्हा कमी पडू लागल्या, हे त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं.

"अहो, बसा बघू त्या खुर्चीत." त्यांनी ट्यूब लावली आणि स्वतः सोफ्याच्या मधोमध बसल्या. "हं. काय करता आपण?"

श्रीधरराव हसले. मग त्यांनी पाय जवळ घेतले, हात मांडीवर ठेवले. "भांड्यांचं दुकान... म्हणजे, आमचं वडिलार्जित..."

"पितळ बरं की स्टील?"

"दोन्ही तसं... म्हणजे गिऱ्हाइकावर..." त्यांनी कपाळ पुसलं. "उठू का गं?"

"बघा! अख्ख्या बाजारपेठेला गप्प बसवणारा माणूस, आणि बायकोला विचारतोय, उठू का!"

"सरी, सरी, पटलं," श्रीधरराव हात जोडत उठले. "पण सोफा ठेवायचा कुठे?"

सोफा व्हरांड्यात गेला. त्यामुळे रविवारी पुण्याहून मुलगी बघायला आलेल्या नीलाताईंचा पहिला प्रश्न "सोफा विकायला काढलाय का?" असा होता. त्यांच्यामागे यजमान वासुदेवराव आणि मुलगा अद्वैत. अद्वैत इथल्याच एका कंपनीत होता.

आत जमखाना अंथरलेला. ट्यूब बंद, कोपऱ्यात बुटका पिवळा दिवा. आणि मधोमध परात, भिजवलेल्या अवरेच्या दाण्यांनी भरलेली.

"माफ करा हं," शारदाबाई म्हणाल्या, "रात्रीच्या उसळीचं सोलायचं राहिलंय." राहिलं नव्हतं. राखून ठेवलं होतं.

"अगंबाई, डाळिंब्याच की या!" नीलाताई साडी सावरून खाली बसल्यासुद्धा. "पण इतक्या हिरव्या?"

"आमच्याकडे थंडीत ताज्याच मिळतात, काकू," आसावरी म्हणाली. आज तिला कोणी बसवलं नव्हतं. परातीपाशी जागा होती तिथे ती बसली होती. दाणा चिमटीत धरला की साल बोटांत आणि गर परातीत. अद्वैतने तसं केलं तर गर उडून थेट वासुदेवरावांच्या चष्म्यावर.

"तू कॉम्प्युटरच बडव," वासुदेवराव म्हणाले, आणि आसावरी खो खो हसली.

मग हात चालत राहिले आणि हातांच्या मागून तोंडं. मान वर न करताच आसावरीने विचारलं, "तुम्ही अमेरिकेला जाणार का हो?"

"जूनमध्ये. व्हिसाचं ऑलमोस्ट झालंय."

शारदाबाईंची बोटं थांबली.

"मग आपलं नाही जमायचं," आसावरी म्हणाली. आवाज अगदी घरातला. "तिथे नवऱ्याच्या व्हिसावर मला काम करू देणार नाहीत. रिकामी बसले तर मी तुमचं डोकं खाईन, आणि तुम्ही माणूस बरे दिसताय."

सोफा असता तर एव्हाना सगळे एका रांगेत उठले असते. पण मांडी घातलेला माणूस झटकन उठू शकत नाही, आणि नीलाताईंच्या मुठीत दाणे होते.

"हिने तोंडावर सांगितलं तरी," त्या मुलाला म्हणाल्या. "गेल्या महिन्यातल्या मुलीने मान हलवली न् नंतर मामाकडून नकार कळवला."

अद्वैतने आणखी एक दाणा चिमटीत फोडला. मग म्हणाला, "फेअर आहे. पण माझा प्रत्येक दाणा का फुटतोय?"

"जोर फार लावता. स्वल्प दाबा."

पाहुणे उसळ खाऊनच गेले, सोबत डबाही नेला. श्रीधरराव फाटकात उभेच. "नकार आपण दिला, आणि त्या मला म्हणतात, पुण्याला या!"

"आता सोफा आत घ्या हवं तर," शारदाबाई म्हणाल्या. "ती खुर्ची मात्र तुळशीपाशी. पेपर वाचा तिथे."

आसावरी परात घासत होती. "आई, पुढच्या वेळी अवरेचा हंगाम संपला असेल तर?"

"मटार सोलू," शारदाबाई म्हणाल्या.