गरम टायरची हवा

आमचा राजदीप गाडीची चाकं नवरी पाहायला गेल्यासारखी निवडतो. सतरा इंची, चकचकीत, आणि त्यावर पापडासारखं पातळ टायर. मी बल्लारपूरला टायरच्या दुकानात अलाइनमेंटच्या मशीनवर काम करते, पण धाकट्या भावाला माझं ज्ञान कवडीमोल. "ताई, लूक पाह्य ना लूक!" म्हणे. लूक काय चाटायचा आहे? शर्यतीच्या ट्रॅकवर जड चाक म्हणजे पायात दगड बांधून पळणं.

दोघांत गाडी एकच, जुनी आणि छोटी. पुढच्या महिन्यात आमच्या रेसिंग क्लबची कोईमतूरच्या मोठ्या ट्रॅकवर शर्यत, आणि एका गाडीला एकच ड्रायव्हर. म्हणून ठरलं, की क्लबवाले एका बंद पडलेल्या धावपट्टीवर प्लास्टिकचे शंकू मांडून वळणं आखतात तिथं दोघांनी आपापली चाकं लावून तीन-तीन फेऱ्या मारायच्या. ज्याची फेरी सगळ्यात कमी वेळात, तो कोईमतूरला. मला जायचंच होतं. बत्तिसाव्या वर्षी पहिल्यांदा काहीतरी फक्त माझ्यासाठी हवं होतं, आणि ते सांगायला मला मुळीच लाज वाटत नाही.

मी चौदा इंची हलक्या रिम घेतल्या, त्यावर मऊ रबराचे टायर. "बंडीचे चाकं!" राजदीप हसला. बंडी म्हणजे आमच्याकडे बैलगाडी.

बाबा सोबत आलेच. कोळशाच्या खाणीत एकतीस वर्षं डंपर चालवलेला माणूस. चाकांचा विषय निघाल्यावर ते घरी थोडेच बसणार?

आधी राजदीप. प्रत्येक वळणावर त्याचं टायर आत मडगार्डला घासून किंचाळत होतं. तिन्हींतली सगळ्यात वेगवान फेरी एक मिनिट चौदा सेकंद. तरी उतरला हिरोसारखा.

मग मी. पहिल्या फेरीत टायर थंड होते, एक मिनिट सोळा. दुसऱ्या फेरीत इतके तापले की शेवटच्या वळणावर गाडी घसरली, एक पंधरा. तिसऱ्या फेरीआधी पाच मिनिटं होती. गेज लावलं तर सकाळी अठ्ठावीस भरलेली हवा छत्तीसवर गेलेली. फुगलेलं टायर रस्ता धरत नाही. थोडी हवा सोडायची, बस.

मी व्हॉल्व्हला हात लावला आणि बाबा ओरडले, "हात काढ, नूतन! गरम टायरची हवा सोडून राह्यली? मराचं हाय काय?"

खाणीत तसा नियमच. डंपरचं तापलेलं टायर बॉम्बसारखं फुटू शकतं. तापलेल्या डंपरच्या टायरची हवा सोडायची नाही, ते थंड होईस्तोवर जवळसुद्धा जायचं नाही.

"बाबा, हा डंपर नाई! मी रोज हेच काम करतो. पाच मिनिटं हायेत मले."

"माह्या संगतचा दादाजी एका मिनिटात गेला," ते म्हणाले. "माह्या डोळ्यासमोर."

माझं डोकं फिरलं होतं, चांगलं सुनावणार होते. पण माझं मनगट धरून ते स्वतः माझ्या आणि टायरच्या मध्ये येऊन उभे राहिले होते. राग कुठल्या कुठे गेला.

"सोडाचीच असन तर मी सोडतो," बाबा म्हणाले. "तू सर मांगं. सारेच सरा!"

सगळ्यांना दहा पावलं मागे हटवून ते टायरच्या बाजूला बसले, समोर नाही. तोंड फिरवलं, डोळे मिटले आणि हवा सोडली. फुस्स. मग एक डोळा उघडून गेज वाचलं, "चौतीस." पुन्हा फुस्स. "बत्तीस."

"बस, बाबा!" मी ओरडले. असे चार टायर. क्लबचा एक जण फिदीफिदी हसला. मी त्याच्याकडे असं पाहिलं, की त्याचं हसू घशातच राहिलं.

तिसऱ्या फेरीत गाडीनं रस्ता सोडलाच नाही. गाडी थांबवली तेव्हा राजदीप दुरूनच नाचत होता, "ताई, एक अकरा! तू चालली कोईमतूरले!" पण तो पुढे येईना. बाबांनी त्याच्या छातीवर आडवा हात धरून त्याला अडवलं होतं.

"सोडा ना, बाबा!"

"टायर गरम हाय अजून," बाबा म्हणाले. वेळ त्यांनी ऐकलीच नव्हती. "नूतन, उतर पयले. इकडं ये, गाडीपासून दूर."

मी उतरले आणि त्यांच्या दुसऱ्या हाताखाली जाऊन उभी राहिले. टायर थंड होईपर्यंत आम्ही तिघं तसेच उभे होतो, आणि मी एकदाही घाई केली नाही.